बोअरआधी पंधरा दिवस, ऑपरेशनआधी पंधरा मिनिटं

पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या आसपास बोअर घ्यायचा म्हटलं, की घरात पंधरा दिवस दुसरा विषय नसतो. तळहातावर नारळ धरून पाणाड्या शेत पालथं घालतो. भावकीतलं कुणीतरी आठवण करून देतं, की ओढ्यापलीकडचा बोअर तीनशे फुटांवर फेल गेला होता. मशीनवाल्याचा फुटाचा दर काय, केसिंग किती लागेल, मोटार कोणती बसवायची, पाणी लागलंच नाही तर पैशाचं काय, हे सगळं विचारून झाल्यावरच गाडी शेतात येते.

त्याच घरातली बाई सोनोग्राफीचा कागद घेऊन डॉक्टरांच्या खोलीत जाते. ‘गाठ आहे, पिशवी काढावी लागेल,’ असं कानावर पडतं आणि पंधरा मिनिटांत तारीख पक्की होते. बाहेर थांबलेला दीर विचारतो, ‘काय म्हणाले, वहिनी?’ ‘ऑपरेशन सांगितलंय.’ ते कशासाठी, न केल्यास काय होईल, दुसरा इलाज आहे का, यातलं काहीच कुणी विचारलेलं नसतं.

जमिनीत भोक पाडण्याआधी एवढा खल करणारी माणसं पोटावर चिरा द्यायची वेळ आली की गप्प का होतात? भीती वाटते, हे एक कारण. डॉक्टरांना उलट विचारलं तर त्यांना अविश्वास वाटेल, हा संकोच दुसरं. तिसरं कारण मात्र अगदी साधं आहे. बोअरबद्दल काय विचारायचं ते गावात पोराटोरांनाही पाठ असतं, ऑपरेशनबद्दल काय विचारायचं ते कुणी शिकवलेलं नसतं.

आधी घड्याळ बघा

सगळ्याच ऑपरेशनांना विचार करायला सवड नसते. अपेंडिक्स फुटलं, अपघातात आत रक्तस्राव सुरू झाला, बाळंतपण अडलं, आतड्याला पीळ पडला, तर तिथे प्रत्येक तास मोलाचा. अशा वेळी जवळचं सुसज्ज रुग्णालय गाठायचं आणि डॉक्टरांना त्यांचं काम करू द्यायचं.

पण सांगितली जाणारी बरीच ऑपरेशनं या प्रकारातली नसतात. गर्भपिशवीतली साधी गाठ, झिजलेला गुडघा, मोतीबिंदू, त्रास न देणारा हर्निया, पित्ताशयातले खडे यांचा निर्णय घ्यायला सहसा काही दिवस, काही आठवडे, कधी काही महिनेही हाताशी असतात. म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारायचा: ‘साहेब, हे आज करावं लागेल, या महिन्यात, की सावकाश ठरवलं तरी चालेल?’ उत्तर ‘आज’ असेल तर गाडी काढायची. ‘सावकाश’ असेल, तर पुढची सगळी तयारी करायला वेळ मिळाला.

यंत्र पाणी दाखवत नाही

पाबळला 1983 साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. हातांनी काम करता करता शिकायचं, ही त्यांची पद्धत. गावाच्या गरजेतून तिथे जी कामं उभी राहिली, त्यांत भूगर्भातलं पाणी शोधण्याचंही काम होतं. त्यासाठी वापरतात ते रेझिस्टिव्हिटी मीटर. जमिनीत एका ओळीत चार सळया ठोकतात, बाहेरच्या दोन सळयांमधून वीज सोडतात आणि आतल्या दोन सळयांमधला दाब मोजतात. कोरडा, अखंड कातळ विजेला जास्त अडवतो. भेगाळलेला, ओला खडक कमी अडवतो. सळयांमधलं अंतर वाढवत नेलं, की अधिकाधिक खोलीचा अंदाज येत जातो.

यात ध्यानात ठेवायची गोष्ट एवढीच, की मीटरवर पाणी दिसत नाही. दिसतो तो फक्त आकडा. त्या आकड्याचा अर्थ ओढा कुठे, उतार कसा, शेजारच्या विहिरीला पाणी किती, हे बघून माणूस लावतो.

सोनोग्राफी आणि एमआरआयचंही तसंच आहे. यंत्र सावल्या दाखवतं. त्या सावलीचा पेशंटच्या त्रासाशी संबंध आहे की नाही, हे पेशंटशी बोलून आणि तपासून ठरवावं लागतं. म्हणूनच कितीतरी अहवालांच्या शेवटी ‘प्रत्यक्ष तपासणीशी ताडून पाहावे’ अशा अर्थाची एक ओळ छापलेली असते. पेशंटच्या नजरेतून नेमकी तीच सुटते.

पित्ताशयातल्या खड्यांचं उदाहरण घ्या. वेगळ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत खडे सापडतात आणि घर हादरतं. पण त्रास न देणारे खडे असलेल्या बहुतेकांना पुढेही त्रास होत नाही, त्यामुळे अशांना सहसा वाट पाहायलाच सांगतात. तेच खडे जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळा आणू लागले, कावीळ झाली किंवा स्वादुपिंडाला सूज आली, की मामला बदलतो. सोनोग्राफीतलं चित्र दोघांचं सारखंच असू शकतं. फरक पडतो तो पेशंटने सांगितलेल्या हकिकतीने.

म्हणजे निर्णयातला अर्धा माल पेशंटने घरून आणायचा असतो.

डोकं ऐनवेळी रिकामं का होतं?

आणलेला माल खोलीत शिरताच हरवतो, ही दुसरी अडचण. भीती वाटली की मेंदू सगळं लक्ष भीतीच्या शब्दावर लावतो. ‘गाठ’ हा शब्द ऐकला की पुढची दहा वाक्यं कानावर पडतात, पण मनात टिकत नाहीत. डॉक्टरांनी दिलेल्या माहितीपैकी 40 ते 80 टक्के माहिती पेशंट तिथल्या तिथे विसरतात आणि जेवढी आठवते तिच्यातली जवळपास निम्मी चुकीची आठवते, असं 2003 साली नेदरलँड्सच्या एका मानसशास्त्रज्ञाने आधीचे अभ्यास तपासून मांडलं होतं.  घाबरला, की प्राध्यापकही विसरतो.

त्यात वेळ थोडा. 67 देशांतल्या प्राथमिक दवाखान्यांत डॉक्टर एका पेशंटला किती वेळ देतात, याचा आढावा 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. स्वीडनमध्ये तो साडेबावीस मिनिटं होता, बांगलादेशात 48 सेकंद, आणि भारतात जेमतेम दोन मिनिटांच्या घरात. बाहेर बाकडी भरलेली असताना डॉक्टरांनाही तपशिलात शिरणं जड जातं.

यावरचा उपाय वाण्याकडे जातानाचाच. चिठ्ठी. चार ओळींची चिठ्ठी हातात असली, की भीतीने डोकं रिकामं झालं तरी कागद रिकामा होत नाही. सोबत एक माणूस न्यावा आणि त्याला एकच काम सांगावं: बोलायचं नाही, लिहून घ्यायचं.

आणि उठण्याआधी एक वाक्य: ‘डॉक्टर, मला जे कळलं ते मी सांगतो, चुकत असेल तर दुरुस्त करा.’ असं परत सांगितलं की गैरसमज तिथेच उघडा पडतो. ‘पिशवी काढायची’ म्हणजे नुसती गर्भपिशवी, की बरोबर अंडाशयही, हा फरक कित्येकदा इथेच पहिल्यांदा स्पष्ट होतो.

दोन सर्जन, एक पेशंट

प्रश्न विचारल्याने निर्णय कसा बदलतो, याचं एक उदाहरण मराठी घरातलंच आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडजवळच्या उटी गावचे आत्माराम गावंडे डॉक्टर झाले, अमेरिकेत गेले आणि ओहायो राज्यातल्या अथेन्स या लहान गावात मूत्ररोगांचे सर्जन म्हणून त्यांनी आयुष्य काढलं. आईच्या नावाने उमरखेडला त्यांनी महाविद्यालय उभं केलं. त्यांचा मुलगा अतुल गावंडे हाही सर्जन आणि नावाजलेला लेखक. ‘बीइंग मॉर्टल’ या 2014 च्या पुस्तकात त्याने वडिलांच्या आजाराची हकिकत सांगितली आहे.

सत्तरी ओलांडलेल्या आत्माराम यांची मान दुखू लागली, डाव्या हाताची बोटं बधिर होऊ लागली. एमआरआयमध्ये मज्जारज्जूच्या आतच वाढणारी गाठ दिसली. बापलेक दोन न्यूरोसर्जनना भेटले. एक बोस्टनचे, दुसरे क्लीव्हलँडचे डॉ. एडवर्ड बेन्झेल. दोघेही ऑपरेशन करायला तयार होते. स्वतः सर्जन असलेल्या आत्माराम यांच्याकडे प्रश्नांची रीघ होती: आत कसं शिरणार, कोणतं हत्यार वापरणार, रक्तस्राव कसा थांबवणार. पहिल्या सर्जननी सुरुवातीला उत्तरं दिली, मग त्यांचा धीर सुटत गेला. त्यांचा सल्ला होता, ऑपरेशन लगेच करा.

बेन्झेल यांनीही उत्तरं दिली, पण त्यांना त्या प्रश्नांमागचं काहीतरी दिसलं. या माणसाला गाठीपेक्षा ऑपरेशनचीच धास्ती जास्त आहे, हातपाय लुळे पडले तर हातातलं काम जाईल ही भीती आहे, हे त्यांनी ओळखलं. अशा गाठी हळू वाढू शकतात. त्रास सोसवेनासा होईपर्यंत थांबायला हरकत नाही, असं त्यांनी सांगितलं. आत्माराम यांनी बेन्झेलना निवडलं आणि ऑपरेशन पुढे ढकललं. त्या मिळालेल्या काळात ते काम करत राहिले, टेनिस खेळले, रोटरीच्या कामासाठी फिरले. लक्षणं बळावल्यावर ऑपरेशन झालं ते बेन्झेल यांच्याच हातून. 2011 मध्ये आत्माराम गावंडे गेले.

पहिले सर्जन चुकीचे होते, असं या गोष्टीतून निघत नाही. गाठ तीच, एमआरआय तोच, दोघांचं कौशल्यही वरच्या दर्जाचं. बदलली ती एकच गोष्ट: पेशंटला कशाची भीती आहे आणि काय जपायचं आहे, हे एका खोलीत टेबलावर आलं.

‘तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?’ हा आपल्याकडचा लाडका प्रश्न इथेच तपासून घ्यायला हवा. प्रश्न चांगला आहे, पण डॉक्टरांना ती ‘जागा’ माहीत असेल तरच. पहाटे सहा म्हशींच्या धारा कोण काढतं, वीस लिटरची बादली कोण उचलतं, कांदा काढणीला कधी येणार, घरात स्वयंपाकाला दुसरं कुणी आहे का, हे त्यांना आधी सांगावं लागतं.

चार प्रश्न, चार दारं

जगभर वेगवेगळ्या नावांनी शिकवले जाणारे प्रश्न शेवटी चारच उरतात: फायदा, धोका, पर्याय, आणि थांबलो तर.

*फायदा.* ‘ऑपरेशनने माझा नेमका कोणता त्रास जाईल, आणि माझ्यासारख्या दहा जणांपैकी किती जणांचा जातो?’ हा प्रश्न तज्ज्ञांनाही चकवू शकतो. गुडघेदुखीवर दुर्बिणीतून सांधा धुऊन साफ करण्याचं ऑपरेशन एकेकाळी सर्रास होत असे. अमेरिकेतल्या ह्यूस्टन इथे 180 पेशंटवर त्याची परीक्षा झाली. काहींचं खरं ऑपरेशन केलं; काहींना नुसते वरवरचे छेद देऊन टाके घातले. कुणाला काय मिळालं ते पेशंटना सांगितलं नव्हतं. 2002 मध्ये निष्कर्ष आले: दोन वर्षांनंतर दोन्ही गटांच्या दुखण्यात फरक नव्हता. पेशंटना बरं वाटलं होतं हे खरं, पण ते दुर्बिणीमुळे नव्हतं.

*धोका.* इथे आकड्यांची गंमत समजून घ्यावी लागते. समजा, कुणी म्हणालं, ‘या उपचाराने धोका निम्मा होतो.’ शंभरातले चाळीस वीसवर आले तरी धोका निम्मा, आणि हजारातले दोन एकावर आले तरी निम्माच. पहिला सौदा घेण्यासारखा, दुसऱ्यासाठी पोट उघडावं का, हा विचार करायला हवा. म्हणून टक्के ऐकले की लगेच विचारायचं, ‘म्हणजे शंभर माणसांत किती?’

*पर्याय.* मासिक पाळीत जास्त रक्त जात असेल तर गोळ्या असतात, संप्रेरक सोडणारी तांबीसारखी साधनं असतात, काही वेळा पिशवी ठेवून नुसती गाठ काढता येते. पाळी जायचं वय जवळ असेल तर नंतर गाठी सहसा आपोआप आकसतात. यांतलं कोणतं कुणाला लागू पडेल ते डॉक्टरच सांगतील, पण विचारल्याशिवाय यादी टेबलावर येईलच असं नाही.

*थांबलो तर.* चारांतला सर्वांत कमी विचारला जाणारा प्रश्न. त्यासाठी हर्नियाकडे पाहू.

सायकलचं टायर एका जागी विरलं, की आतली ट्यूब फुग्यासारखी बाहेर डोकावते. हर्निया म्हणजे तेच. पोटाची भिंत विरते आणि खोकताना, वजन उचलताना आतडं जांघेत फुगून येतं. आडवं झालं की आत जातं. ते बाहेर अडकून त्याचा रक्तपुरवठा तुटला तर जिवावर बेतू शकतं, म्हणून पूर्वी ‘हर्निया दिसला की शिवा’ असा दंडक होता. उत्तर अमेरिकेत फारसा त्रास नसलेल्या 720 पुरुषांचा अभ्यास करून 2006 मध्ये या दंडकाची तपासणी झाली. थांबलेल्यांमध्ये हर्निया अचानक अडकण्याचं प्रमाण हजार माणसांमागे वर्षाला दोनपेक्षाही कमी निघालं. म्हणजे थांबणं सुरक्षित होतं.

पण गोष्ट इथे संपली नाही. याच लोकांचा पाठपुरावा चालू ठेवला तेव्हा दहा वर्षांत थांबलेल्यांपैकी 68 टक्क्यांनी शेवटी ऑपरेशन करून घेतलं, बहुतेकांनी दुखू लागलं म्हणून. तेव्हा ‘थांबलो तर’ या प्रश्नाचं खरं उत्तर असं: घाई नाही, पण पुढेमागे करावं लागण्याची शक्यता बरीच. ज्याला दोन हंगाम काढायचे आहेत तो एक निर्णय घेईल, ज्याचं दुखणं आत्ताच नांगर धरू देत नाही तो दुसरा. दोघेही बरोबर. मात्र फुगवटा आत जाईना, कडक झाला, खूप दुखू लागला, उलट्या सुरू झाल्या, तर प्रश्न बाजूला ठेवून रुग्णालय गाठायचं. आणि हा अभ्यास पुरुषांचा होता; बायकांच्या हर्नियाचे काही प्रकार लवकर अडकतात, त्यांना हा हिशेब लावू नये.

थांबणं आणि दुखणं अंगावर काढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थांबण्यात पुढच्या तपासणीची तारीख ठरलेली असते, काय दिसलं तर लगेच यायचं हे माहीत असतं. अंगावर काढण्यात यातलं काहीच नसतं.

उसाच्या फडातला हिशेब

प्रश्न न विचारल्याची, किंवा विचारायची सोयच नसल्याची, किंमत महाराष्ट्राने बीड जिल्ह्यात पाहिली. ऊसतोड कामगार महिलांमध्ये गर्भपिशवी काढण्याचं प्रमाण विलक्षण असल्याच्या बातम्या 2019 मध्ये आल्या. राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीत 82,309 महिलांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे साधारण सहाजणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयोगटातल्या महिलांचं देशपातळीवरचं प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे.

यामागे एकटं वैद्यकीय कारण नव्हतं. तोडीवर ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेतलेली, एक दिवस खाडा झाला तर दंड. फडात ना न्हाणीघर, ना आडोसा. अंगावरून जाणं, ओटीपोटात दुखणं हे अशा कामात नेहमीचंच. त्यात ‘कॅन्सर होईल’ ही भीती कानावर पडली, की पिशवी काढून टाकणं हा कामातली अडचण मिटवण्याचा मार्ग वाटू लागतो. अशा टोळ्या दर हंगामात शिरूर-दौंडच्या घोड आणि भीमेच्या पट्ट्यातही उतरतात, म्हणून पाबळकरांना ही गोष्ट परकी नाही.

कमी वयात पिशवीबरोबर अंडाशयही काढले, तर पाळी जाण्याचं वय एका दिवसात येतं. हाडं ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. तिशीतल्या बाईला हे आधी सांगितलं गेलं पाहिजे. अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने 2022 मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली, आणि ती राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2023 मध्ये सांगितलं.

सही कशावर करतोय?

1995 साली दिल्लीत 44 वर्षांची एक अविवाहित महिला दुर्बिणीतून तपासणी करून घ्यायला दाखल झाली. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन डॉक्टरांनी तिची गर्भपिशवी आणि अंडाशय काढून टाकले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 16 जानेवारी 2008 ला निकाल लागला. तपासणीसाठी दिलेली संमती ऑपरेशनला चालत नाही, आणि शुद्धीवर येऊन स्वतः ठरवू शकणाऱ्या सज्ञान व्यक्तीच्या वतीने आईही संमती देऊ शकत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. अपवाद एकच, जीव वाचवण्यासाठी थांबणं शक्यच नसेल तर.

संमतीआधी पेशंटला काय सांगायला हवं, हेही त्या निकालात आहे: काय करणार आणि कशासाठी, त्याचे फायदे आणि परिणाम, दुसरे पर्याय, मोठे धोके, आणि नकार दिला तर काय होऊ शकतं. दुर्मीळातला दुर्मीळ धोका सांगण्याची सक्ती न्यायालयाने केली नाही. यादी नीट वाचली तर वरचे चार प्रश्नच दिसतात. म्हणजे पेशंट जे विचारायला लाजतो, ते सांगणं हे डॉक्टरांचं कायदेशीर कर्तव्यच आहे.

दुसरं मत घेण्याचंही तसंच. रुग्णहक्कांच्या सनदेत तो हक्क आहे, आणि महाराष्ट्राने 2021 मध्ये शुश्रूषागृहांचे नियम बदलून ही सनद रुग्णालयात लावणं बंधनकारक केलं. दुसऱ्या डॉक्टरकडे जायला कागद लागतात. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार मागितल्यापासून 72 तासांत ते द्यायला हवेत. दुसरं मत शक्यतो वेगळ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांकडून घ्यावं. पाबळहून पुण्याचं ससून रुग्णालय हाही एक रस्ता आहे. दोन मतं वेगळी निघाली तर घाबरू नये. ‘दुसरे डॉक्टर असं म्हणाले, तुमचं काय मत?’ असं दोघांनाही सरळ विचारावं. गावंडे बापलेकांनी वेगळं काय केलं होतं?

घरची तयारी

भूलतज्ज्ञांशी बोलणं सर्जनइतकंच महत्त्वाचं असतं, पण त्यांना बहुतेक घरं ऑपरेशनच्या टेबलापाशीच पहिल्यांदा भेटतात. त्यांना हवी असते ती माहिती घरच्या फडताळात पडलेली असते. म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत भरून न्यावीत. बीपी, साखर, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, दुखण्यावरच्या दुकानातून आणलेल्या गोळ्या, काढे, चूर्णं, सगळं. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करायची नाही आणि मनाने चालूही ठेवायची नाही. तारीख डॉक्टरांकडून लिहून घ्यायची. विडी, तंबाखू, मशेरी लपवू नये. विडी-सिगारेट चार आठवडे आधी सोडली तरी फुप्फुसाचे आणि जखम भरण्याचे त्रास कमी होतात.

उपाशी ठेवण्यामागेही कारण आहे. भुलीत घशाची राखण सैल पडते आणि पोटातलं अन्न वर येऊन श्वासनळीत जाऊ शकतं. साधारणपणे हलक्या खाण्यानंतर सहा तास आणि नुसत्या पाण्यानंतर दोन तास जावे लागतात. आपल्याकडचा गोंधळ चहाने होतो. ‘काही खाल्लं नाही, घोटभर चहा घेतला.’ दुधाचा चहा भूलतज्ज्ञांच्या हिशेबात खाण्यात मोडतो आणि त्या घोटापायी ऑपरेशन पुढे जाऊ शकतं.

अंगावरून फार जात असेल तर हिमोग्लोबिन आधी बघावं, कारण रक्त कमी असताना ऑपरेशनचा धोका वाढतो. विज्ञान आश्रमातून शाळांमध्ये पसरलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात मुलंमुली रक्तगट आणि हिमोग्लोबिन तपासायला शिकतात. घरात असं शिकलेलं पोर असेल तर आकड्यांचा अर्थ आईला तेच सांगेल.

पैशाचा प्रश्न शेवटी संकोचाने विचारला जातो. तो आधीच विचारावा: खोली, औषधं, भूल, तपासण्या धरून एकूण किती, आणि जास्त दिवस राहावं लागलं तर किती? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत 5 लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ते फक्त योजनेतल्या रुग्णालयात आणि यादीतल्या ऑपरेशनना. तिथे बसलेल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी भेटलं तर मंजुरीचे कागद वेळेत होतात.

चौकट: चिठ्ठीवर काय लिहायचं?

- हे आज करायचं, महिन्यात, की सावकाश?
- फायदा: माझा कोणता त्रास जाईल? दहापैकी किती जणांचा जातो?
- धोका: शंभरात किती जणांना काय होतं? माझी साखर, बीपी, वय धरून?
- पर्याय: गोळ्या, व्यायाम, लहान ऑपरेशन, दुसरं काही?
- थांबलो तर: काय होईल? पुन्हा कधी दाखवायचं? काय झालं तर लगेच यायचं?
- नेमकं काय काढणार, काय ठेवणार?
- ऑपरेशन कोण करणार, भूल कोण देणार? काही बिघडलं तर अतिदक्षता विभाग इथेच आहे की दुसरीकडे न्यावं लागेल?
- किती दिवस जड उचलायचं नाही? गाडी, धारा, शेत कधीपासून?
- एकूण खर्च, आणि योजनेत बसतं का?

सोबत: सगळे कागद तारखेप्रमाणे लावून, फिल्म, गोळ्यांची पिशवी, आणि लिहून घेणारा एक माणूस.

भिंतीवरचा पुरावा

हकिकत सांगायची तर ती आठवायला हवी, आणि ‘लई दिवस झाले, सारखं दुखतंय’ यातून डॉक्टरांना फार काही मिळत नाही. त्यासाठी वेगळी डायरी नको. स्वयंपाकघरात टांगलेल्या कालनिर्णयवर दुधाचा हिशेब चालतोच; त्याच चौकोनात दुखलं त्या दिवशी एक टिंब, झोपू दिलं नाही त्या दिवशी दोन, अंगावरून जास्त गेलं तर लाल टिंब. दीड-दोन महिन्यांत चित्र उभं राहतं. कळा जेवणानंतरच येतात का, रक्त पाळीच्या चारच दिवसांत जातं की मधेही, गोळी घेतल्यावर टिंबं कमी झाली का, ते एका नजरेत दिसतं.

मग ती पानं भिंतीवरून काढून, घडी घालून, सोनोग्राफीच्या अहवालाच्या वर फाइलमध्ये ठेवायची. डॉक्टरांनी फाइल उघडली की पहिलं पान तेच दिसेल: अर्धा लिटर, एक लिटर, अर्धा लिटर, आणि मधेमधे लाल टिंबं.